तळ्यातली गाडी

ओझेलाने पीचच्या कॉब्लरचा, त्या भाजलेल्या गोड पदार्थाचा, तिसरा ट्रे टेबलावर ठेवला आणि मान वर केली, तर समोर एक गोरी पोरगी उभी. कमरेला बिल्ला, काखेत वही.

"मिस ओझेला गँट? मी मेरिडिथ केल. माँटगोमरीला डिटेक्टिव्ह आहे."

"असशील. पण आज चर्चचा मेळा आहे. आधी ताट घे, मग काय ते विचार."

ओकच्या झाडांखाली अख्खं हॅचर बेंड गाव जमलं होतं. शिकागोला गेलेले, डेट्रॉइटला गेलेले, सगळे मेळ्यासाठी परतले होते. पोरं कलिंगडाच्या बिया एकमेकांवर थुंकत होती. कढईत कॅटफिश तळत ओझेलाचा धाकटा भाऊ क्लिओफस बेसूर गात होता आणि ओझेलाचा नवरा एमॉस त्याला गप्प बसायला सांगत होता.

पोरगी कशासाठी आली, हे ओझेलाला न सांगता कळलं होतं.

महिन्यापूर्वी उन्हाने जुनं तळं आटलं आणि चिखलातून एका गाडीचं टप वर आलं. आत गोऱ्या शेतमालक हार्लन पूलची हाडं होती. पन्नास वर्षांपूर्वी, जुलैतल्या एका रात्री, इथलं काळ्या लोकांचं जुनं चर्च जळलं. कोणी जाळलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पूलला विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि विचारायची वेळही आली नाही. त्याच रात्री तो नाहीसा झाला. टेक्ससला पळाला, असं लोक म्हणत.

ओझेला कधीच तसं म्हणाली नाही. त्या पहाटे तिने क्लिओफसला मागच्या दाराने घरात शिरताना पाहिलं होतं. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरा पार उतरलेला. सोळा वर्षांचं पोर. तिने त्याची पँट गुपचूप धुतली आणि पन्नास वर्षं तोंड शिवून घेतलं.

"त्या रात्री तुम्ही कुठे होता?" मेरिडिथने हळूच विचारलं.

ओझेलाने कढईकडे पाहिलं. क्लिओफसला परवाच पाचवं नातवंड झालं होतं.

"तळ्यावर," ती म्हणाली. "मी मारलं त्याला. लिहून घे."

झारा खाली पडल्याचा आवाज झाला. क्लिओफस पीठ लागलेल्या हातांनी धावत आला.

"खोटं बोलतेय ती! बाई, मी मारलं. हिचं काही ऐकू नका."

"तू गप्प बस, क्लिओ!"

"तूच गप्प बस, ताई! आयुष्यभर माझ्यावर दादागिरी केलीस, आता तुरुंगातही माझ्या आधी जाणार का?"

मेरिडिथने वही उघडलीच नाही. "कसं मारलं?"

"बंदुकीने," ओझेला म्हणाली.

"कुऱ्हाडीने," क्लिओफस म्हणाला.

"हाडांवर गोळीची खूण नाही," मेरिडिथ म्हणाली. "कुऱ्हाडीचीही नाही."

ओझेला गर्रकन क्लिओफसकडे वळली.

"मग तुझ्या पँटला तो चिखल?" ओझेलाने विचारलं.

क्लिओफस साठीतही लाजला. "पूलच्या शेतातली कलिंगडं चोरायला गेलो होतो. परतताना आग दिसली, ओढ्यातूनच पळत आलो. पण तुझ्या झग्यावर तर रक्त होतं! खिडकीतून पाहिलं मी, तू तो परसात पुरत होतीस."

ओझेलाचा हात तोंडावर गेला. "रक्त कसलं, मेल्या! ब्लॅकबेरीचा रस होता तो. मी..." तिने एमॉसकडे पाहिलं. "आम्ही ब्लॅकबेरीच्या जाळीत होतो. आईला कळलं असतं तर तिनेच मला मारलं असतं."

एमॉसला चहाचा ठसका लागला. "लग्नाआधीचं कशाला काढतेस सगळ्यांसमोर!"

आधी क्लिओफस हसला. मग ओझेला. हसता हसता ती खुर्चीत बसली आणि डोळे पुसू लागली. पन्नास वर्षं ज्याच्यासाठी दर रविवारी देवाची माफी मागितली, त्याने फक्त कलिंगडं चोरली होती. क्लिओफसने पीठ लागलेल्या हातांनीच तिला मिठी मारली. तिच्या निळ्या झग्यावर पाठभर पंजे उमटले. तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

"म्हणजे तुम्हा दोघांपैकी कुणीच नाही," मेरिडिथ म्हणाली. "नक्की?"

"बायबलवर हात ठेवून सांगते. आता तरी जेवशील?"

"एकटी नाही जेवणार. गाडीत माझी आजी आहे. उन्हाचं नको म्हणून तिला थांबायला सांगितलं होतं. गेले तीन आठवडे ती एकच गोष्ट सांगतेय. घरचे म्हणतात, वय झालं, भ्रमिष्टासारखं बोलते. म्हणून खरं-खोटं बघायला मी आले. सरकारी कामासाठी नाही."

ती गाडीपाशी गेली, दार उघडलं आणि एका बारक्या, पांढऱ्या केसांच्या बाईला हाताला धरून सावलीत घेऊन आली. म्हातारी टेबलासमोर थांबली. ताटं, पोरं, मागचं विटांचं चर्च, सगळं तिने नीट पाहिलं. क्लिओफसने तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली, पण ती बसली नाही.

"मी व्हर्डी पूल, हार्लनची बायको," ती म्हणाली. "त्या रात्री तो अंगावर रॉकेलचा वास घेऊन घरी आला आणि चर्च जाळल्याचं हसत हसत सांगू लागला. हातात बिडाचा तवा होता माझ्या. गाडी तळ्यात मीच ढकलली. तुमच्यापैकी कुणाला त्यासाठी त्रास झाला असेल, तर माफी मागायला आलेय."