एकशे साठ तासांची वाट

"पुढं सरका, पुढं सरका, मागच्यांना जागा द्या."

तीस वर्षांपूर्वीच्या कंडक्टरचा हा आवाज आज पहाटेपासून ड्रायव्हरकाकांच्या कानात घुमत होता. कंडक्टर केव्हाच गेला. बस भंगारात गेली. आवाज तेवढा राहिला. डायलिसिसच्या खुर्चीत पाठ टेकताना काकांना तो पटलाही. बाहेरच्या बाकावर माणसं नंबर लागायची वाट बघत बसली होती. आपण सरकावं. आजचा दिवस शेवटचा, परवापासून यायचं नाही.

लेकीला हे सांगायचा धीर झाला नव्हता. ती रोज आपली पायाशी चपला ठेवायची, हाताला धरून उठवायची. तिला कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून काकांनी बेत केला होता. आधी सिस्टरांना सांगायचं, मग लेकीला त्याच समजावतील. सिस्टर तासातासानं रक्तदाब बघायला येत. पहिल्याच फेरीला सांगून मोकळं व्हायचं.

दुखण्याची तक्रार नव्हती. पण आठवड्यातून तीनदा इथं, चार-चार तास, आणि घरी पाणीसुद्धा मोजून, घोट घोट. तीन वर्षं झाली. थकवा हाडांत मुरला होता. झोपून जात नव्हता, उठून जात नव्हता.

उजव्या हाताला दोन सुया लागल्या. नळ्यांतून रक्त फिरायला लागलं. डावीकडच्या खुर्चीत शिवणकाम करणारी ताई होती. तिच्या सुया डाव्या हाताला. जन्मभर मी कापडाला टोचलं, आता सुया माझ्यावर उट्टं काढतायत, असं ती दरवेळी म्हणायची आणि दरवेळी स्वतःच हसायची. आज तिनं भाच्याकडून एक व्हिडिओ गेम आणला होता. छोटा पडदा समोर लावला. शापानं ओसाड पडलेलं एक राज्य आणि चहूकडं मोकळं रान. जावं तिथं वाट. भाचा म्हणाला होता, पुरा व्हायला एकशे साठ तास लागतात. अडचण एकच होती. खेळाला दोन हात लागत, आणि सुयांचा हात तर जागचा हलवायचा नाही.

"काका, तुमचा डावा रिकामाच आहे की. द्या इकडं."

नाही म्हणायचाही कंटाळा आला, म्हणून काकांनी हात दिला.

दोन खुर्च्यांच्या मध्ये उशी ठेवली, उशीवर कंट्रोलर. तिच्या अंगठ्यानं गडी चालायचा, काकांच्या अंगठ्यानं त्याची नजर फिरायची. पाय तिचे, डोळे त्यांचे. काका आभाळ बघत राहिले आणि गडी भिंतीला धडकला. मग दोनदा नदीत पडला. लांबून बघणारा वॉर्डबॉय म्हणाला, आंधळ्या-पांगळ्याची जोडी बरी जमली. काकांनी ताईला बजावलं, वळणावर वेग कमी करत जा. ताई म्हणाली, तुम्ही फक्त समोर बघा. चौतीस वर्षं समोरच बघितलं, काका पुटपुटले, आणि त्यांनी नजर मुद्दाम डावीकडं वळवली.

तिथं लांबवर निळे डोंगर होते. रंगवलेत का हे, त्यांनी विचारलं. रंगवलेले नाहीत, जाता येतं म्हणे तिथं, ताईनं सांगितलं. काकांच्या बसच्या रोजच्या रस्त्यालाही डाव्या हाताला एक टेकडी होती. जाताना दिसायची, येताना दिसायची. वळता कधी आलं नाही. पन्नास उतारू घेऊन कोण वळतो?

एक नावाडी भेटला. त्याची शेळी हरवली होती. राज्य बुडालं तर बुडू दे म्हणत दोघं शेळीमागं लागली. सिस्टर आल्या, पडद्यापुढंच उभ्या राहिल्या. काकांनी मान वाकडी केली. सिस्टर, जरा बाजूला व्हा. त्यांनी हसत दंडाला पट्टा बांधला. पट्टा फुगला, बोटं बधिरली, पण अंगठा सुटला नाही. शेळी शेवटपर्यंत सापडली नाही. सिस्टर दुसऱ्यांदा आल्या तेव्हा एक पडका पूल ओलांडायचा होता.

मग ताईला घेरी आल्यासारखं झालं. तिनं पडदा बंद केला आणि राहिलेला वेळ दोघं डोळे मिटून पडून राहिली. पुढच्या फेरीला सिस्टरांनी न उठवताच रक्तदाब बघितला.

मशीन वाजलं. सुया निघाल्या. सिस्टर कापूस देऊन पलीकडच्या खुर्चीकडं गेल्या. लेक आत आली आणि चपला पायाशी नीट जुळवून ठेवायला वाकली.

ताईचा चेहरा उतरला होता. एका वेळचे दोन तास धरले, तरी ऐंशी खेपा होतात, म्हणजे सहा महिन्यांच्या वर, तिनं हिशेब सांगितला. हल्ली तिला सुईत दोरा ओवतानाही दम लागायचा. आशेनं काही हातात घ्यायचं आणि ते अर्ध्यावर राहायचं, याची तिला आता धास्ती बसली होती.

"एका हातानं हे होणारं नाही, काका. मध्येच हात काढून घेणार असाल तर सुरूच नको करायला, मी भाच्याला परत देते. खरं सांगा, एवढा वेळ घालवावा असं काही आहे का यात?"

काकांनी सुईच्या जागेवर कापूस दाबून धरला. नाही म्हटलं की सुटले असते. वेळेची नासाडी आहे, एवढं म्हटलं की झालं. खोटंही नव्हतं ते. दोन तासांत मिळालं काय? काहीच नाही. पण बाईनं खरं सांगा म्हटलं होतं, आणि लेक पायाशी होती.

"घालवावा का, ते मला नाही कळत, ताई," काका म्हणाले. "मी आज शेवटचा म्हणून आलो होतो. परवापासून बंद, एवढंच सिस्टरांना सांगायचं होतं. त्या दोनदा समोर येऊन उभ्या राहिल्या, आणि दोन्ही वेळा मी त्यांना बाजूला व्हा म्हणालो."