गरम बॉनेट

बॉनेटवर तळहात ठेवताच काझीमिस्त्रींच्या कपाळाला आठी पडली. "साडेतीन लाख किलोमीटर पळालेली डिझेल गाडी. आपण यायच्या आधीच तापवून ठेवलीय. थंड असताना चालू होत नसणार," ते गाडी घ्यायला आलेल्या मास्तरांना हळूच म्हणाले.

मालकिणीने ते ऐकलं. "तसं नाही हो. वर्ष झालं, आमचे हे अंथरुणाला खिळलेत. सकाळी गाडीचा आवाज ऐकल्याशिवाय चहाला तोंड लावत नाहीत. रोजच चालू करते मी."

मिस्त्रींना ते पटलं नाही. दुपारपर्यंत थांबून त्यांनी इंजिन गार होऊ दिलं, मग चावी फिरवली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. ऑइलचं झाकण उघडलं, तरी धूर नाही.

"इंजिन चांगलंय," ते म्हणाले.

"चांगलं कुठलं?" आतल्या खोलीतून खोल गेलेला आवाज आला. "तिसरा इंजेक्टर ठोकतोय. सांग गं त्यांना."

मिस्त्रींनी वाकून कान लावला. बारीकसा ठोका खरंच होता. तीस वर्षं इंजिनं ऐकणाऱ्या त्यांच्या कानातून तो निसटला होता.

मास्तर घाबरले. "मग नको ना घ्यायला?"

मिस्त्रींनी बॉनेट लावलं. "डोळे मिटून घ्या ही गाडी."