झेंड्याचा खांब

मस्कतला इंग्रज वकिलातीतल्या झेंड्याच्या खांबाला जो गुलाम मिठी मारेल, तो सुटला, असं सगळे म्हणत. म्हणून खजुराच्या बागेतून दोन दिवस चालत आलेली मब्रूका खांब कवटाळून उभी राहिली. दुपारी मालक फाटकाशी आला. त्यानं तिची लेक नसीबा दंडाला धरून आणली होती. "घरी चल गं, रुसू नकोस. नाहीतर हिला सूर बंदराच्या बाजारात विकतो." मब्रूकाचे हात सैल पडले. ती फाटकाकडे निघणार, तोच लेक ओरडली, "आई, खांब सोडलास तर बोलणार नाही तुझ्याशी!" मालकाच्या मनगटाला कडकडून चावून ती आत धावली आणि खांबाला बिलगली. पहारेकऱ्यांनी मालकाला अडवलं. संध्याकाळी कारकुनानं दोघींच्या हातात मुक्तीचे कागद दिले. "आता कुठं जाणार?" त्यानं विचारलं. असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. मब्रूकानं लेकीकडे पाहिलं. नसीबा म्हणाली, "आधी जरा बसूया."