पिकल्यावर या

गंगाखेडच्या नेत्रशिबिरात डॉक्टरांनी कासाबाईच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि तिच्या नवऱ्याला, दत्तरावला, व्हरांड्यात बोलावलं.

"इतके दिवस काय करत होता?"

"मोतीबिंदू पिकायची वाट बघायलो होतो, साहेब. मागं माजा कच्चा हाय म्हणून शिबिरातून वापस धाडलं होतं. पिकल्यावर या, म्हणले. मंग पिकला, दिवाळीत आपरेशन झालं, आता लय झ्याक दिसायलंय. हिलाबी अंधुक दिसायलं तवा मीच म्हणलो, थांब, पिकू दे."

"तेव्हा कुणाला दाखवलं होतं?"

"न्हाई. माज्यासारखंच असंल, असं वाटलं."

"यांना मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. तो पिकत नसतो, आतल्या आत नजर खातो. गेलेली नजर आता ऑपरेशननंही परत येणार नाही. अंधुक दिसायला लागलं तेव्हाच आणायला पाहिजे होतं."

दत्तरावनं जाड भिंगांच्या चष्म्यातून बायकोकडे पाहिलं. बाकावर बसलेली कासाबाई येणाऱ्याजाणाऱ्याच्या पावलांकडे मान वळवत होती. त्यानं जवळ जाऊन तिचा हात धरला.

"आवं, काय म्हणले डाक्टर?"



"पिकला न्हाई म्हणले अजून."

"मंग थांबू की," ती उठत म्हणाली. "तुमालाबी दम धरला म्हणूनच दिसलं न्हवं?"