निळे हात

दवाखान्यातल्या आरशासमोर उभं राहिलं, की अंगात मुरलेली रसायनं निळी चमकत. मुकुंदरावांची छाती उजळली त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. उभा जन्म रंगाच्या कारखान्यात गेलेला. मग त्यांची बायको शालन सहज म्हणून पुढे झाली. तिनं तर कारखान्याचं फाटकही पाहिलं नव्हतं.

आरशात तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळेशार उजळले.

कामावरून आल्यावर रोज तिच्यापुढे टाकलेले कपडे मुकुंदरावांना आठवले.

"मुरलेलं निघणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी वाढू मात्र देऊ नका."



"अहो, लग्नातसुद्धा माझी मेंदी इतकी रंगली नव्हती," शालन हसून म्हणाली.

घरी येताच ती सवयीनं त्यांचे कपडे उचलून मोरीकडे वळली. मुकुंदरावांनी तिच्या हातातलं धुणं काढून घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा मोरीत उकिडवे बसले.