वलांडीवरचा पडदा

चांगुणाने यंत्रातला पडदा काढला, हलक्या हाताने धुतला आणि वलांडीवर बोंबलांच्या शेजारी उन्हात टांगला. कोळ्याच्या घरात धुतलेली वस्तू उन्हातच जाते. गावच्या विहिरी खारावल्यापासून हाच पडदा समुद्राचं पाणी गोडं करायचा. तो धुण्याचं काम एरवी मुलाचं, पण मुलगा महिन्यासाठी बोटीवर गेला होता.

दुपारी बाळंतीण सून बाहेर आली आणि जागीच थबकली.

"आई, तो ओलाच ठेवायचा असतो. सुकला की मेला."

पडदा कडक होऊन जागोजागी तडकला होता.

"नवा आणू की," चांगुणा म्हणाली.

"कुठून? बॅटरी बनवायलाही हाच पडदा लागतो; नवे पडदे शहरातले बॅटरीवाले कारखान्यातूनच उचलतात. आपला नंबर दिवाळीनंतर."

बाळ रडायला लागलं तशी सून आत गेली. चांगुणाने पडदा परातीत ठेवला. सुके बोंबील भिजत घातले की पुन्हा फुगतात, हे तिच्या हातांना जन्मापासून ठाऊक होतं. खारं पाणी बाधेल म्हणून तिने घरातला गोड्या पाण्याचा शेवटचा तांब्या त्यावर ओतला आणि वाट बघत बसली.