पेरेग्रीनकडून घेतलेलं

हर्षाचा पाय कापायच्या आदल्या दिवशी, नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलातल्या वसईकर नर्स फिलोमिनाताईंनी तिच्या हातात संत पेरेग्रीनचं पदक ठेवलं. "सातशे वर्षांपूर्वी यालाही पायाचा कॅन्सर झाला. कापायच्या आदल्या रात्री पाय बरा."

"आम्ही बौद्ध, ताई. आमच्यात चमत्कार चालत नाहीत," हर्षा म्हणाली. "एरवी हा काय करायचा?"

"प्रायश्चित्त म्हणून उभा राहायचा. वर्षानुवर्षं बसलाच नाही म्हणे."

वर्षभराने दोघी एमआरटी मेट्रोत भेटल्या. हर्षाचा कृत्रिम पाय पाहून कुणीतरी राखीव जागा सोडली. तिने हसून नको म्हटलं.

"माझ्या संताने पाय काही वाचवला नाही गं," ताई पुटपुटल्या.

"त्याच्याकडून पाय मी घेतलाच नव्हता." हर्षाने धरलेला दांडा सोडला. "उभं राहणं घेतलं."